वाळूच्या पोटात दडलेले पावसाळे

रमजानच्या आधी आमचे मामू रियाधहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांच्या बॅगेतून खजूर, अत्तर, मुलांसाठी चॉकलेटे आणि दोन जानमाज निघाले. सगळ्यात शेवटी निघाली पाण्याची एक छोटी बाटली, गळ्यापर्यंत लाल रेतीने भरलेली. मामींनी कपाळाला हात लावला. "चांदूर रेल्वेत रेती मिळत नाही म्हणून विमानातून आणली का?" मामू हसून म्हणाले की शहराबाहेर पोरांबरोबर फिरायला गेलो होतो, रंग आवडला, म्हणून मूठभर उचलली.

आठवीतल्या भाचीला मात्र ती बाटली खजुरापेक्षा गोड लागली. तिने ती रेती पांढऱ्या बशीत ओतली. शेजारी दुसऱ्या बशीत अंगणातल्या ढिगातली रेती घेतली. वरच्या खोलीचे बांधकाम चालू होते आणि वर्धा नदीची रेती दारातच पडलेली होती. शाळेतले भिंग आणि एक लोहचुंबक एवढ्या सामानावर तिने संध्याकाळ काढली.

आम्हीही डोकावलो. वर्धेची रेती म्हणजे नुसती खिचडी. एखादा खडा हरभऱ्याएवढा तर एखादा कण रव्यासारखा, कडा कोनेदार, पांढरे, काळे, तपकिरी, मधूनच गारगोटीचा चमकता तुकडा. चुंबक फिरवला की काळे कण त्याला चिकटून येत. आपल्या काळ्या पाषाणातले लोहखनिज ते. रियाधची रेती मात्र जणू कोणी पीठ चाळावे तशी चाळलेली. सगळे कण जवळजवळ सारखे, बारीक, गोलसर, आणि काचेवर वाफ धरावी तसे मंद. नदी मिळेल ते ओढून आणते. वारा निवडून उचलतो. फार जड कण त्याला पेलत नाही आणि फार हलकी धूळ तो दूर उडवून देतो. मधले, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून अर्ध्यापर्यंतचे कण उड्या मारत पुढे सरकतात, एकमेकांवर आपटतात, त्यांच्या कडा झिजतात. लाल रंग लोहाच्या गंजाचा, कणावर बसलेल्या पातळ थराचा.

नानी तस्बीह घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "अहकाफ म्हणतात ते हेच का?"

कुरआनच्या ४६ व्या सूरहचे नाव अल-अहकाफ. अहकाफ म्हणजे वाळूच्या लांबलचक, वळणावळणाच्या टेकड्या. हजरत हूद (अलैहिस्सलाम) यांची आद ही कौम तिथे राहत होती, आणि तफसीरकारांनी ती जागा ओमान आणि हजरमौत यांच्या दरम्यान सांगितली आहे. आज तिथे रुबअ-अल-खाली हे जगातले सर्वांत मोठे सलग वाळूचे वाळवंट पसरले आहे. त्या लोकांना आपल्या खोऱ्यांकडे येणारा ढग दिसला, पाऊस आला असे त्यांना वाटले, आणि आला तो अजाबाचा वारा होता, हा प्रसंग या सूरहमध्ये आहे. मृगाच्या तोंडावर बांधावर उभे राहून आभाळाकडे पाहिलेल्या माणसाला तो प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ढग किंवा वादळवारा दिसला की अल्लाहचे रसूल (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांच्या चेहऱ्यावर चिंता दिसे, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याचे हदीसच्या ग्रंथांत आहे.

पण भाचीचा प्रश्न वेगळा होता. जिथे कौम राहत होती, खोरी होती, तिथे नुसती वाळू कशी? की वाळू नंतर आली? आणि आली तर कधी, हे कोणाला कसे कळणार?

कळते. वाळूला स्वतःचे वय सांगता येते आणि वारा कुठून वाहत होता तेही सांगता येते. दुसरी गोष्ट सोपी आहे म्हणून आधी ती. चाळणीखाली परातीत पिठाचा ढीग होतो, तो एका ठरावीक उतारापर्यंतच उभा राहतो, मग बाजूने घसरतो. वाळूचेही तसेच. वारा एका बाजूने कण हळूहळू माथ्यावर चढवतो आणि पलीकडच्या बाजूला ते साधारण तेहतीस अंशांच्या उतारावर घसरतात. हा उतार नेहमी वाऱ्याच्या पुढच्या बाजूला असतो. टेकडी पुढे सरकते तसे हे तिरपे थर एकावर एक गाडले जातात. हजारो वर्षांनी कोणी तिथे खोल चर खणला, तर भिंतीवर ते तिरपे थर दिसतात आणि त्यांच्या कलावरून त्या काळचा वारा वाचता येतो. राजस्थानच्या थर वाळवंटातल्या पुष्कळशा टेकड्या नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे आखल्यासारख्या आहेत. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस घेऊन येतात त्याच मान्सूनच्या वाऱ्यांची ती दिशा. म्हणजे थरची वाळू आणि वऱ्हाडचा कापूस एकाच वाऱ्याच्या हाताखाली आहेत.

आता वय. वाळूतल्या गारेच्या कणात, म्हणजे क्वार्ट्झमध्ये, अतिसूक्ष्म खाचा असतात. आजूबाजूच्या मातीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचे नाममात्र अंश असतात, त्यांचा किरणोत्सार सतत चालू असतो आणि त्यामुळे सुटलेले इलेक्ट्रॉन त्या खाचांत अडकून बसतात. अंगणात नळाखाली ठेवलेला रांजण थेंबाथेंबाने भरावा, तसे. मात्र कणाला ऊन लागले की हा रांजण काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत रिकामा होतो. वाऱ्याने उडणाऱ्या कणाला ऊन लागतेच, त्यामुळे तो जमिनीवर बसतो तेव्हा रांजण रिकामाच असतो. वर दुसरी वाळू पडली, अंधार झाला, की थेंब पडायला सुरुवात.

शास्त्रज्ञ टेकडीत लोखंडी नळी ठोकतात, तोंडे लगेच बंद करतात आणि जुन्या फोटो स्टुडिओसारख्या मंद लाल दिव्याच्या खोलीत ती उघडतात. तिथे कणांवर ठरावीक प्रकाश टाकला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि कण क्षणभर अगदी फिकट उजळतो. तो उजेड मोजला की रांजण किती भरला होता ते कळते. दर वर्षी किती थेंब पडत असतील ते त्या जागेचा किरणोत्सार मोजून काढतात, मग उरतो साधा भागाकार. पूर्वी हे काम प्रकाशाऐवजी उष्णता देऊन करत. राजस्थानच्या वाळूच्या टेकड्यांची वये अशी काढून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील अशोक सिंघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली जगापुढे मांडली. टेकड्यांचे वय थेट वाळूतूनच काढण्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी ते एक. त्याआधी टेकडीचे वय काढायला तिच्यात कोळसा, हाड, शिंपला असे काही सापडायची वाट पाहावी लागे आणि वाळवंटात ते कुठून सापडणार?

या कामात महाराष्ट्राचाही हात आहे. नागौर भागात डीडवान्याजवळ वाळूची एक टेकडी अभ्यासकांत ‘सोळा आर’ या नावाने ओळखली जाते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ती खणली. जवळपास वीस मीटर, म्हणजे सहा मजली घराएवढी खोल उतरंड. पुरातत्त्वाची माणसे तिथे गेली होती ती अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे शोधायला आणि ती मिळालीही, वाळूच्या थरांमध्ये, खूप खोलवर. पण त्याहून मोलाचे हाती लागले ते थर. वाळू, मग चुनखडीच्या गाठींचा घट्ट थर, पुन्हा वाळू, पुन्हा गाठी. वाळू म्हणजे वाऱ्याचे दिवस. चुनखडीचा थर म्हणजे टेकडी थांबली होती, तिच्यावर गवत-झुडपे उगवली होती, पाऊस मुरत होता आणि उन्हाने वर ओढला जात होता, अशी शेकडो वर्षे. आपल्या भागात विहीर खणताना काळ्या मातीखाली पांढऱ्या गाठी लागतात, त्याच जातीच्या या गाठी. पुढे प्रकाशाच्या पद्धतीने या टेकडीचे वय काढले, तेव्हा तिची सुरुवात सुमारे दोन लाख वर्षांपर्यंत मागे गेली. दोन लाख वर्षांत वाळवंट सतत वाळवंट नव्हते. ते कितीदा तरी हिरवे झाले आणि पुन्हा उघडे पडले.

इथे एक गोष्ट आम्हाला उलटी वाटली आणि समजायला वेळ लागला. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर हिमयुगाचा कळस होता, मान्सून दुबळा होता, राजस्थान आजच्यापेक्षा कोरडे होते. मग वाळूच्या टेकड्या तेव्हाच सर्वांत जास्त वाढल्या असतील, असे कोणीही म्हणेल. पण वये काढली तर त्या काळातली वाळू फार थोडी निघाली. मोठा ढीग साचला तो नंतर, साधारण चौदा ते दहा हजार वर्षांपूर्वी, हिमयुग सरून मान्सून परतत असताना. कारण वाळूला कोरडेपणा लागतो तसा वाराही लागतो. हिमयुगात मान्सूनच मंद, म्हणून वाराही मंद, टेकड्या निपचित पडून होत्या. मग वाऱ्याने जोर धरला, पण पाऊस अजून पुरता आला नव्हता, जमीन झाडा-गवताने बांधली गेली नव्हती. त्या अधल्यामधल्या काळात वाळू उठली. पाऊस स्थिरावला, गवत आले आणि ती बसली.

तो अधलामधला काळ आमच्या डोक्यातून जात नाही. त्याकडे पुन्हा येऊ.

अरबस्तानात हेच चित्र अधिक मोठ्या आकाराचे आहे. उमराहला जाताना विमानाच्या खिडकीतून खाली तासभर नुसती वाळू दिसते. त्या वाळूत, रुबअ-अल-खालीत आणि उत्तरेकडच्या नफूद वाळवंटात, टेकड्यांच्या मधल्या खोलगटांत जुन्या तलावांचा पांढुरका गाळ सापडतो आणि त्यात गोड्या पाण्यातले शंख-शिंपले. नफूदमध्ये अल वुस्ता नावाच्या जागी माणसाच्या बोटाचे एक हाड मिळाले, सुमारे ८५ ते ९० हजार वर्षांपूर्वीचे. शोधनिबंध २०१८ सालचा. त्याच जागी पाणघोड्याची हाडेही आहेत. पाणघोडा म्हणजे बारमाही पाणी, दुसरा अर्थच नाही. २०२० मध्ये त्याच वाळवंटातल्या एका सुकलेल्या तलावाच्या चिखलात हत्ती, उंट आणि माणसे यांच्या पावलांचे ठसे जाहीर झाले, सुमारे एक लाख वीस हजार वर्षांपूर्वीचे. त्या जागेला नाव दिले अलाथर. अरबीत असर म्हणजे खूण, माग.

शेवटचा हिरवा काळ त्या मानाने कालपरवाचा, साधारण दहा ते सहा हजार वर्षांपूर्वीचा. आफ्रिकेतले सहारा वाळवंटही तेव्हा गवताळ होते. कारण आकाशात आहे. पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलत फिरते आणि या डुलण्याचे एक आवर्तन वीस-बावीस हजार वर्षांत पुरे होते. त्यामुळे काही काळ उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात सूर्य अधिक तापतो, जमीन अधिक तापली की ती समुद्रावरचे वारे अधिक जोराने ओढते आणि पावसाचा पट्टा उत्तरेला सरकतो. मग अरबस्तानात कुरणे आणि तलाव. डोलाचे दिवस सरले की पट्टा परत खाली आणि वाळू जागी होते. मोरोक्कोतली लाला लालिया ही शंभर मीटर उंचीची चांदणीच्या आकाराची टेकडी पाहा. तिचा पाया सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीचा आणि वरचा सगळा डोलारा अलीकडच्या नऊशे-हजार वर्षांतला, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. मधली हजारो वर्षे ती वाढलीच नाही.

सही मुस्लिममध्ये एक हदीस आहे. कयामतीच्या आधी अरबांची भूमी कुरणांकडे आणि नद्यांकडे परतेल, असा तिचा आशय. त्यातल्या परतण्याच्या क्रियापदावर हल्ली मोबाईलवर बरेच व्हिडिओ फिरतात, पाणघोड्यांचे हाड दाखवून. ते हाड पाहून आमच्याही अंगावर शहारा आला, खोटे कशाला बोलू. पण हदीसची सत्यता भूगर्भशास्त्राच्या दाखल्यावर टांगून ठेवणे आम्हाला पटत नाही. शास्त्राचे आकडे दर दहा वर्षांनी सुधारतात, तेव्हा काय करायचे?

आता वऱ्हाडात येऊ. आपल्याकडे वाळूच्या टेकड्या नाहीत. आपली जमीन काळ्या दगडाची आणि काळ्या मातीची. (कोकणातल्या वाचकांना मात्र ‘करल’ ठाऊक असेल. किनाऱ्यावर शिंपल्यांची वाळू चुन्याने आवळून झालेला दगड. समुद्र एकेकाळी आजच्याहून वर होता, याची ती खूण.) पण वाऱ्याने राजस्थानात जी वही लिहिली, ती आपल्याकडे पाण्याने लिहिली आहे आणि ती लोणारला आहे. उल्का आदळून झालेले हे सरोवर बुलढाणा जिल्ह्यात, इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखे. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची दखल घेतली आहे. काच आणि साबणाला लागणारे सामान तिथे मिळते, ही नोंद त्यातली. त्या खाऱ्या-सोड्याच्या पाण्याचेच हे गुण.

लोणारला बाहेर वाहून जाणारी नदी नाही. पाऊस चांगला तर पाणी वाढते, पाऊस कमी तर आटते आणि अधिक खारे होते. दर वर्षीचा गाळ तळाशी बसतो. जर्मनीतील पॉट्सडाम येथील भूविज्ञान केंद्र आणि नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या संशोधकांनी तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळ नळीने काढला. अकरा हजार वर्षे त्या दहा मीटरांत. त्यात झाडांचे परागकण होते, शेवाळाचे अंश होते आणि काही थरांत गेलुसाईट नावाच्या खनिजाचे स्फटिक होते. पाणी फार आटून सोडा फार दाट झाला की हे स्फटिक जमतात, म्हणजे ती दुष्काळाची सहीच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असे दोन लांब कोरडे काळ दिसतात. एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

सातशे वर्षे आणि चौदाशे वर्षे! नानींना ‘बहात्तरचा दुष्काळ’ आठवतो, मिलोची लाल भाकरी आठवते. त्यांच्या थोरल्यांनी छप्पनच्या दुष्काळाच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या गोष्टी सांगितल्या होत्या, ज्यात वऱ्हाड भाजून निघाले. आम्ही त्यालाच मोठा दुष्काळ समजत होतो. अर्थात शतकांचा कोरडा काळ म्हणजे सातशे वर्षे थेंब पडला नाही असे नव्हे. सरासरी खाली गेली, बुडती वर्षे जवळजवळ येऊ लागली, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या कोरड्या काळातच लोणारला दैत्यसूदनाचे देखणे मंदिर उभे राहिले, म्हणजे माणसे होती, राज्य होते, कारागीर होते. पहिल्या काळाच्या शेवटी सिंधू खोऱ्यातली शहरे ओस पडली. फक्त दुष्काळाने पडली, असे कोणी ठामपणे सांगितले तर आम्ही ऐकणार नाही. पण पाऊस कमी झाल्यावर माणसे पाण्याकडे सरकली असतील, यात न पटण्यासारखे काही नाही.

हे सगळे घरात बोलणे चालले असताना थोरल्या चुलतभावाने मुद्दा काढला आणि तो साधा नव्हता. त्यांचे म्हणणे, "हवामान नेहमीच बदलत आले, तुम्हीच सांगताय. अल्लाहची मर्जी. मग आत्ताच्या बदलाची एवढी बोंब कशाला?" भाऊ शेती करतात, कोरडवाहू सात एकर. दोन वर्षांपूर्वी तिबार पेरणी केली, गेल्या वर्षी वेचणीला आलेला कापूस पावसात भिजला. त्यांना थकवा आला आहे आणि जमीन विकून बडनेऱ्याला दुकान टाकावे, असा विचार घरात दोनदा झाला आहे. त्यामुळे तो प्रश्न वाळूचा नव्हता.

आम्ही जमेल तसे उत्तर दिले. हवामान बदलत आले हे खरे, पण कशामुळे आणि किती वेळात, ते पाहावे लागते. पृथ्वीच्या डुलण्याला दहा-दहा हजार वर्षे लागतात. हिमयुगातून बाहेर येताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे १९० भागांवरून २७०-२८० वर गेला, त्याला हजारो वर्षे लागली. कारखाने सुरू झाल्यापासून तो २८० वरून ४२० च्या वर गेला, अवघ्या पावणेतीनशे वर्षांत, त्यातला बराचसा नानींच्या हयातीत. वाळूच्या थरांत बदल दिसतो तेव्हा माणसे, जनावरे, झाडे सरकायला शेकडो वर्षे होती आणि सरकायला मोकळी जमीन होती. सात एकरांच्या सातबाऱ्याला सरकता येत नाही.

आणि तो अधलामधला काळ. थरची वाळू सर्वांत कोरड्या काळात उठली नाही. वारा बदलला होता आणि जमीन उघडी होती, तेव्हा उठली. आजही तिथे खेजडीची झाडे आणि गवत असेल तिथे टेकडी बसून राहते. ट्रॅक्टरने खोल नांगरली, गवत उपटले गेले, की हजारो वर्षे झोपलेली टेकडी चालू लागते. जोधपूरच्या काझरी संस्थेची माणसे १९५० च्या दशकापासून टेकड्यांवर झुडपांच्या काड्यांची कुंपणे घालून, मधे गवत आणि झाडे लावून त्या थांबवत आली आहेत. आपली काळी माती उडत नाही, ती वाहते. एका तासात चार तासांचा पाऊस पडतो तेव्हा नाल्याचे पाणी चहासारखे दिसते. तो चहा म्हणजे वावर.

भाऊंनी ऐकून घेतले. म्हणाले, "म्हणजे धुऱ्यावरची झाडं तोडायची नाहीत, एवढंच ना? ते अब्बा पण सांगायचे." दुकानाचा विषय त्या दिवशी पुढे गेला नाही, संपलाही नाही. पावसाने ओढ दिली तर ईदगाहवर इस्तिस्काची नमाज होईल, जशी यापूर्वी झाली आहे, आणि भाऊ पहिल्या सफेत असतील. धुऱ्यावरच्या बाभळी त्यांनी यंदा तोडल्या नाहीत, एवढे आम्ही पाहिले.

भाचीने रियाधची रेती परत बाटलीत भरली. अहमदाबादला पाठवली तर वय सांगतील का, असे तिने विचारले. मग तिचे तिलाच उत्तर सापडले. मामूंनी ती भर दुपारी उचलली होती आणि आमच्या बशीत ती ट्यूबलाइटखाली दोन तास पडून होती. रांजण रिकामा झाला. बाटली आता नानींच्या कपाटात जमजमच्या कॅनशेजारी आहे, वर वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली: ‘रियाध. ऊन लागलेली. वय शून्य.’